लेकीच्या देशाचा व्हिसा

आफ्रिकेहून परतल्यापासून सांगलीत मला रस्त्यानं सरळ चालता येत नाही. दर कोपऱ्यावर कोणीतरी सायकलवरून उतरतो आणि विचारतो, "सर, सिंह बघितला का?" बघितला. झोपलेला होता, आणि तो जागा व्हायच्या आत सिकंदरनं जीप काढली. किलिमांजारोही पाहिला, म्हणजे तो ज्या ढगात होता तो ढग पाहिला. जिराफ मात्र पोटभर पाहिले. पण हे सगळं भूगोलाच्या पुस्तकात आहे आणि ते पुस्तक मीच वर्गात शिकवतो. पुस्तकात नाही ते एवढंच की आफ्रिकेत शिरायचं कसं. लोकांना वाटतं आमचा प्रवास मोंबासाच्या धक्क्यावर सुरू झाला. तो मेढ्याला सुरू झाला आणि हरिपुरात, हळदीच्या एका पेवाच्या तोंडाशी, जवळजवळ संपलाच होता. ज्यांना सिंहाचं ऐकायचं आहे त्यांनी संध्याकाळी सिकंदरच्या गॅरेजवर जावं. त्याच्या गोष्टीत सिंह जागा असतो.

खरं म्हणजे निघणार होतो आम्ही दोघंच. सिकंदर मणेर माझा शाळेपासूनचा सोबती. सांगलीत त्याचं मोटारदुरुस्तीचं गॅरेज आहे. लष्करानं मोडीत काढलेली एक जीप त्यानं लिलावात उचलली, तिचं पोट उघडून पुन्हा शिवलं आणि एका रविवारी मला म्हणाला, "गड्या, ही आता कुठं बी जाईल."

"आफ्रिकेत जाईल?" मी आपलं गमतीनं विचारलं. त्या आठवड्यात नववीला आफ्रिका शिकवत होतो, ती तोंडात होती.

"रस्ता हाय न्हवं तिकडं?"

"आहे."

"मग?"

एवढ्यावर ठरलं. बोटीनं मोंबासा, तिथून खुष्कीच्या मार्गानं केनया, टांझानिया आणि पुढे दक्षिणेकडे, आपला पासपोर्ट चालतो तिथवर. घरी बायकोला वाटलं उन्हाळ्याबरोबर हे खूळ उतरेल. उन्हाळा गेला, पाऊस गेला, खूळ तसंच राहिलं.

मेढा

दिवाळीत मी मेढ्याला हौसाआत्याला भेटायला गेलो तो फक्त ही बातमी द्यायला. आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. मेढ्याच्या वरच्या अंगाला डोंगराच्या कुशीत तिचं घर, चार वावरं भात, एक म्हैस. मामा, म्हणजे तिचे यजमान, पलटणीत होते. ते गेल्यावर तिनं एकुलत्या एका लेकीला, सुमनला, शिकवलं आणि गणिताच्या मास्तराला दिली. तो मास्तर कराराची नोकरी धरून आफ्रिकेतल्या एका देशात शाळेवर गेला, आणि सुमनही गेली.

मी आफ्रिका म्हटल्याबरोबर आत्यानं चुलीवरची कढई उतरवून खाली ठेवली. "लेकीच्या देशात निगालास?"

आत्याच्या लेखी आफ्रिकेत देश एकच, लेकीचा. बाकीची सगळी वाटेवरची गावं. मीही या लेखात त्या देशाला तेच नाव देणार आहे. त्यांच्या वकिलातीतल्या साहेबांनी पुढं जे केलं ते त्यांच्या वरिष्ठांना आवडेलच असं नाही.

"सुमी पोटुशी हाय," आत्या म्हणाली. "पयलं बाळतपन. डाक्टरनं तिला हलू नगंस म्हनून सांगितलंय. आता पयलं बाळतपन माहेरी करायचं का न्हाई? तिला माहेराला येता येत न्हाई, तर माहेर तिकडं न्यायला नगं?"

"आत्या, जीपचा प्रवास आहे. धूळ, खड्डे, जंगल."

"मेढ्याच्या यष्टीत बसलायंस न्हवं तू?"

बसलो होतो. सिकंदरला सांगितलं तर तो घाबरेल असं मला वाटलं. तो म्हणाला, "बेस झालं. सैपाकाचं बघायला नगं."

मग पासपोर्ट. साताऱ्याच्या फोटोवाल्यानं आत्याला पडद्यासमोर बसवलं. ती हसत होती. "आजी, गंभीर व्हा," तो म्हणाला, "पासपोर्टाला हसरा फोटो चालत न्हाई." आत्या म्हणाली, "लेकीकडं निगालेली बाई तोंड पाडून कशी बसंल?" आणि आणखी हसली. शेवटी मी तिला भाऊबंदांची आठवण काढायला सांगितली. तिच्या बांधाचं जुनं भांडण होतं. फोटो एका फटक्यात निघाला, पण तो पाहून कुठल्याही देशानं तिला आत घेतलं असतं की नाही याची मला शंकाच आहे.

चौकशीला हवालदार आला तेव्हा सगळी आळी अंगणात जमली. वर्तन कसं आहे, असं त्यानं विचारलं. शेजारीण म्हणाली, "बाई सोन्यासारकी हाय. पन ताक मागायला गेलं की पातळ देती." हवालदारानं ते लिहून घेतलं. मी हातापाया पडून ताकाचं वाक्य खोडून घेतलं आणि त्या शेजारणीशी आत्या पुढचे दोन बाजार बोलली नाही.

मुंबईला पिवळ्या तापाची सुई टोचून घ्यायला गेलो तेव्हा सिकंदर डॉक्टरला म्हणाला, "साहेब, आम्ही सांगलीची मानसं. आमच्या नाकातोंडात बारा म्हैने हळद असती. आम्हाला आनि कसला पिवळा ताप?" डॉक्टर हसले आणि त्यांनी सुई जरा जोरातच टोचली.

जत

जीपची परीक्षा घ्यायला आम्ही तिघं जतला गेलो. सिकंदरला गाडी तापते का बघायची होती, मला मोकळं माळरान बघायचं होतं आणि आत्याला नातवंडासाठी घोंगडी हवी होती. तिच्या मते आफ्रिकेत सगळं मिळेल पण जतचं घोंगडं मिळणार नाही, आणि ते खरं निघालं.

एका वस्तीवर म्हातारा धनगर मेंढरं घेऊन बसला होता. त्यानं विचारलं, "एल्लि होंटीरि?" म्हणजे कुठं निघालात. सिकंदरला गॅरेजपुरतं कन्नड येतं. तो म्हणाला, "आफ्रिका."

म्हाताऱ्यानं विचार केला. "विजापूरच्या पुढं का?"

"लय पुढं."

"मग दोन घोंगडी न्या."

आम्ही दोन घेतली. परतताना जीप तापली आणि रेडिएटरमधून वाफ निघायला लागली. जवळच्या गावात पाण्याचा टँकर आलेला, बायकांची रांग लागलेली. मागायचं कसं म्हणून मी घुटमळत होतो. इतक्यात एक बाई स्वतःची भरलेली घागर घेऊन आली, सिकंदरनं टोपण काढलं तसं तिनं पाणी आत ओतलं आणि विचारलं, "आनि लागतंय का?" त्या घागरीसाठी ती सकाळपासून उन्हात उभी होती. मला इतकी लाज वाटली की धड आभारही मानता आले नाहीत. पुढं टांझानियात एका कोरड्या गावी असाच प्रसंग आला. तिथंही एक बाईच पुढं झाली, फक्त तिच्या डोक्यावर घागरीऐवजी पत्र्याचा डबा होता.

सांगली

आत्या तयारीसाठी आमच्याकडं सांगलीला येऊन राहिली होती. केनयाचा आणि टांझानियाचा व्हिसा टपालानं सुरळीत आला. केनयाच्या व्हिसावर आत्याचं नाव हौसाबाई आलं होतं, आणि सोबत कारकुनानं विचारलं होतं की या बाई हौसा जमातीच्या आहेत का. आफ्रिकेच्या पश्चिमेला त्या नावाचे लोक राहतात, हे मी वर्गात कितीदा सांगितलं असेल, पण आत्याशी त्याचा संबंध माझ्या ध्यानातच आला नव्हता. आत्याला मात्र फार आनंद झाला. "बग," ती सिकंदरला म्हणाली, "आपलं लोक हायती तिकडं."

राहिला लेकीच्या देशाचा व्हिसा. त्यासाठी आत्याचा अर्ज मी इंग्रजीत भरला. प्रवासाचा उद्देश काय, या रकान्यात मला बाळंतपणाला पटकन शब्द आठवेना. घरात, दवाखान्यात सगळे म्हणतात तोच लिहिला: डिलिव्हरी. झोकदार अक्षरात लिहिला आणि पाकीट पेटीत टाकलं.

उत्तर आलं ते व्यापार खात्याकडून. आपण आमच्या देशात कोणत्या मालाची डिलिव्हरी करणार आहात, नग किती, आयात परवाना काढला आहे काय? मी ते आत्याला वाचून दाखवलं.

आत्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "नग एकच. जुळं असलं तर दोन. पर्वाना सुमीच्या सासूनं लगीन ठरलं तवाच दिलाय."

मी खुलाशाचं पत्र लिहिणार तोच दुसरं पत्र आलं. वकिलात लहान, व्यापार आणि व्हिसा दोन्ही एकाच साहेबांकडे. ते साहेब हळदीचा बाजार पाहायला सांगलीला येणार होते आणि हरिपुरात एका अडत्याच्या पेवावर थांबणार होते. अर्जदारानं तिथं मालाचा नमुना घेऊन भेटावं, असं पत्रात स्पष्ट म्हटलं होतं.

मी डोकं धरून बसलो. बोटीची तिकिटं काढून झालेली, सुमनला सातवा लागलेला, ही बोट चुकली तर पुढची मिळून पोचेपर्यंत बाळ रांगायला लागलं असतं. आत्या मात्र ट्रंक उघडून बसली होती. झबली, टोपरी, कुंची, मऊ जुन्या लुगड्यांची दुपटी, डिंकाचे लाडू, शतावरी, बाळंतशेपा.

"नमुना मागितलाय न्हवं त्यानी," ती म्हणाली. "दावू की."

हरिपूर

ज्यांनी हरिपूर पाहिलं नाही त्यांना पेव म्हणजे काय ते सांगायला हवं. वारणा कृष्णेला मिळते तिथली ही जमीन. तिच्यात खोल खड्डे खणतात, तोंड माणूस कसाबसा उतरेल एवढं, आत पोट मोठं. त्यात हळद भरून तोंड मातीनं लिंपलं की ती वर्षानुवर्षं राहते, कीड लागत नाही. काढायच्या वेळी तोंड उघडून आतली कोंदट हवा जाऊ देतात आणि मगच माणूस उतरतो. मी जन्मभर सांगलीत राहून पेवात कधी डोकावलो नव्हतो. आफ्रिकेच्या साहेबामुळं डोकावलो.

साहेब उंच, पांढरा शर्ट घातलेले, वयानं माझ्याएवढेच. अडत्या आप्पा त्यांना पेव दाखवत होते, हमाल आणि हळद निवडणाऱ्या बायका कामं टाकून कोंडाळं करून उभ्या होत्या. आम्ही पुढं झालो. मी इंग्रजीची जुळवाजुळव करत होतो तोवर साहेबांनी हात जोडले आणि म्हणाले, "नमस्कार. मी जोसेफ. आपल्या भेटीने मला आनंद वाटला."

मराठी. स्वच्छ, छापील मराठी. मुंबईत आल्यापासून एका निवृत्त गुरुजींकडे ते दर रविवारी शिकवणीला जात होते आणि नुकतीच एक परीक्षा पास झाले होते. मला वाटलं, सुटलो. साहेबांना मराठी येतं तर आता अडचण कसली?

आत्या सिकंदरला हळूच म्हणाली, "जोशी हायती व्हय? मग बाळाची पत्रिका बी ह्यांनाच दावू."

साहेब खुर्चीवर बसले, गुडघ्यावर कागद घेतला. "प्रथम नमुना पाहू."

आत्यानं ट्रंक उघडली. साहेबांनी एक झबलं उचललं, उलटसुलट करून पाहिलं. टोपरं मुठीवर चढवून पाहिलं. मग त्यांनी माझा अर्ज पाहिला, आत्याकडं पाहिलं, पुन्हा टोपऱ्याकडं पाहिलं, आणि एवढे हसले की खुर्ची मागं सरकली. डिलिव्हरीचा घोळ असा सुटला. सगळ्या कोंडाळ्याला लाडू वाटले गेले आणि साहेबांनी दुसरा मागून घेतला.

"आता विधिपूर्वक विचारतो," ते म्हणाले. "आपल्या प्रवासाचे प्रयोजन?"

"प्रयोजन बारशाला करू," आत्या म्हणाली. "आदी बाळतपन हू द्या."

आमच्याकडं प्रयोजन म्हणजे कार्य, जेवणावळ. साहेबांना ते कळलं नाही, पण उत्तर त्यांना आवडलं असावं. त्यांनी काहीतरी लिहिलं. "आणि आपण आमच्या देशातून केव्हा जाणार?"

आत्याचा हसरा चेहरा जरा आक्रसला. "अजून आले न्हाई, तर जायचं कशाला बोलता साहेब?"

"नियम आहे. अर्जदाराने स्वतःच्या तोंडाने सांगावे लागते. मी अमुक वेळी जाते, असे म्हणा."

"मी येते म्हनीन."

"आपण येणार हे मला ज्ञात आहे. जाणार केव्हा?"

"येते म्हनलं की त्यातच आलं सगळं."

साहेब गोंधळले. मी मध्ये पडलो. "साहेब, आमच्याकडं निघताना येतो म्हणतात. अर्थ जातो असाच."

साहेबांनी मान हलवली, चुकलेल्या विद्यार्थ्याकडं पाहून मी हलवतो तशीच. "येणे आणि जाणे हे विरुद्धार्थी शब्द आहेत. परीक्षेत हा प्रश्न होता. मला पूर्ण गुण मिळाले."

मी आत्याला बाजूला घेतलं. सिकंदरही आला. "आवं आत्या," तो म्हणाला, "एकदा जाते म्हना की. आमी कानावर हात ठेवतो. कोन ऐकतंय?"

"बाळ ऐकतंय," आत्या म्हणाली. मग माझ्याकडं न बघता, ट्रंकेतली दुपटी नीट करत, ती हळू आवाजात बोलली. "तुझं मामा त्या दिवशी गाडीची येळ झाली म्हनून घाईत हुतं. उंबऱ्यावरनं जातो गं म्हनलं. मी म्हनलं, आवं येतो म्हना. त्यास्नी ऐकू गेलं न्हाई. आता लेक आवगडलेली, तिचं बाळ यायचं, आन मी त्येंच्या वाटंवर उबी राहून जाते म्हनू? व्हिसा नगं मला."

सिकंदरनं मान खाली घातली. मामा गेल्याची पलटणीतून आलेली तार मीच तिला वाचून दाखवली होती.

साहेबांनी आमची बराच वेळ वाट पाहिली. मग त्यांनी कागदावर शेरा लिहिला आणि नियमाप्रमाणे तो मोठ्यानं वाचून दाखवला, मराठीत भाषांतर करून: "अर्जदार बाई येण्यास अत्यंत उत्सुक आहेत. जाण्याचा हेतू दिसत नाही." ते वाईट वाटून म्हणाले, "क्षमा करा. मला दुसरे काही लिहिता येत नाही." आणि कागद पाकिटात गेला.

कोंडाळ्यातल्या हमालांत हसू फुटलं, एवढं बिनचूक मराठी आणि एवढा उलटा अर्थ. हसू मलाही आलं. पण आत्यानं टोपरं पुन्हा घडी करून ट्रंकेत ठेवलं आणि कडी लावली. उगाच हिला आशा लावली, असं मला वाटलं.

आप्पांनी साहेबांना नारळ आणि हळदीची पिशवी दिली. साहेब पिशवी काखेत मारून मोटारीकडं निघाले, दारापाशी वळले, आणि गुरुजींनी शिकवल्याप्रमाणे हात जोडून म्हणाले, "बरे आहे. मी जातो."

पेवाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या झाडून सगळ्यांनी, आप्पा, हमाल, निवडणाऱ्या बायका, एका दमात म्हटलं, "जातो म्हनू नका. येतो म्हना."

साहेब जागच्या जागी थांबले. "परंतु मी पुन्हा येणार नाही," ते म्हणाले. "पुढील महिन्यात माझी बदली आहे. मी मायदेशी जाणार."

"तरी बी येतो म्हनायचं," एक बाई म्हणाली.

"हे असत्य नाही का?"

"असत्य कसलं? घरातनं निगताना कुनी जातो म्हनतंय व्हय?" ती बाई आत्यापेक्षाही म्हातारी होती आणि तिचे हात कोपरापर्यंत पिवळे होते. "तुमचं मुलुक कितीबी लांब असू द्या. येतो म्हना, मंग निगा."

साहेबांनी एकदा तिच्याकडं, एकदा आप्पांकडं पाहिलं. मग सावकाश, शब्द तपासत म्हणाले, "मी... येतो."

"या," सगळे म्हणाले, आणि आप्पांनी मोटारीचं दार उघडून धरलं.

साहेब आत बसले नाहीत. उघड्या दाराकडं बघत राहिले. "मी येतो म्हणालो," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "आणि तुम्ही मला निरोप देत आहात." मग त्यांनी पाकीट काढलं, कागद मोटारीच्या बॉनेटवर पसरला आणि आत्याला हाक मारली. "आजी, इकडे या. व्हिसा संपेल त्या दिवशी आपण आपल्या लेकीला काय म्हणाल?"

आत्या पुढं झाली. "येते म्हनीन."

"नक्की?"

"दुसरं काय म्हननार?"

साहेबांनी शेरा खोडला आणि त्यावर नवा लिहिला. तो मात्र त्यांनी वाचून दाखवला नाही. मोटार निघाली तेव्हा खिडकीतून हात बाहेर काढून ते ओरडले, "येतो," आणि पेवावरचा प्रत्येक माणूस "या या" करत धुळीत उभा राहिला. सिकंदर एवढा खूश झाला की त्यानं परतताना जीप हरिपूरच्या रस्त्यावरून गाणं म्हणत आणली आणि आत्यानं त्याला एकदाही हळू चालव म्हटलं नाही.

लेकीचा देश

व्हिसा आला आणि आम्ही निघालो. बोटीत सिकंदरला ओकाऱ्या झाल्या, मला झाल्या, आत्याला काही झालं नाही. ती डेकवर बसून गुजराती बायकांना डिंकाचे लाडू कसे वळायचे ते शिकवत होती. मोंबासापासून पुढं पावसाचा चिखल लागला, जीप रुतली, निघाली, पुन्हा रुतली. प्रत्येक वेळी आजूबाजूची माणसं कुठूनतरी उगवायची, ढकलायची, आणि आत्या त्यांना लाडू द्यायची. लाडवांनी आम्हाला जेवढं पुढं नेलं तेवढं पेट्रोलनं नेलं नसेल. आम्ही वेळेवर पोचलो. मुलगी झाली, गोरीपान आणि रडकी.

तिकडच्या बाया बाळ पाठीला कापडानं बांधून सगळी कामं करतात. पहिल्या दिवशी आत्यानं ते पाहून तोंडावर पदर घेतला. बारशापर्यंत तीच नातीला पाठीशी बांधून अंगण झाडायला लागली. बदल्यात शेजारणींनी तिच्याकडून बाळाला तेल लावून पायावर घेऊन अंघोळ घालणं शिकून घेतलं. एकीला दुसरीची भाषा कळत नव्हती आणि दिवसभर बोलणं चालू असायचं. जतचं घोंगडं पाळण्यात होतं. प्रयोजन झालं, अख्खी गल्ली जेवली.

व्हिसाच्या शेवटच्या दिवशी जीप दारात उभी राहिली. सीमेपर्यंतचा रस्ता लांबचा होता आणि मला शाळा गाठायची होती. आत्यानं नातीला अंघोळ घातली, धुरी दिली, सुमनची ओटी भरली. मग उठून म्हणाली, "येते गं सुमे." सुमन म्हणाली, "ये." आत्या दारापर्यंत आली आणि वाळत घातलेलं दुपटं आत घ्यायला म्हणून परत वळली. दुपटं घडी करून झालं. "येते," ती पुन्हा म्हणाली. जावयाला म्हणाली, शेजारणीला म्हणाली, शेजारणीनं काही न कळता मान डोलावली. जीपच्या पायरीवर एक पाय ठेवला, तो काढला, आत गेली आणि पाळण्याशी बसली.

सिकंदर दारात येऊन हळूच म्हणाला, "आवं आत्या, आज तारीख हाय. दिवस मावळायच्या आत हद्द वलांडाय पायजे."

"म्हनलं न्हवं, येते," आत्या म्हणाली आणि पाळण्याची दोरी ओढत राहिली. सुमन तिच्याकडं बघत नव्हती आणि ती सुमनकडं बघत नव्हती. एवढ्या लांब तिचं पुन्हा येणं व्हायचं नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं.

मी उंबऱ्यात उभा होतो, हातात तिची रिकामी ट्रंक. मला तो खोडलेला शेरा आठवला: "जाण्याचा हेतू दिसत नाही." हरिपुरात आम्ही सगळे त्याला हसलो होतो. साहेबांना मराठी पहिल्याच वेळी बरोबर कळलं होतं.